सुरुंगाची दारू आणि पाटलाची बंदी

फार जुनी गोष्ट. डोंगराआड सात गावं होती, आणि सुरुंगाची दारू फक्त वरच्या गावच्या पाटलाकडे होती. कातळ फोडायचा तर पाटलाच्या पाया पडायचं, हीच रीत. कोठाराची किल्ली कमरेला खोचून पाटील असा चालायचा, जणू डोंगर त्यानेच घडवला.

एक दिवस खबर आली. खालचं गाव, जिथे पाटलाची लेक दिली होती, स्वतःच दारू कुटायला लागलं होतं. विहिरीसाठी, म्हणे. झालं! पाटलाच्या पोटात दुखायला लागलं. जेवण गोड लागेना. त्यांच्या विहिरीला आपल्यापेक्षा जास्त पाणी लागलं तर? उद्या लोक त्यांच्याच पाया पडले तर? तोंडाने मात्र तो म्हणाला, की आज कातळ फोडतील, उद्या आपली घरं फोडतील. स्वतःच्या कोठाराचं नाव नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

त्याने बाकीची पाच गावं गोळा केली आणि बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली. खालचं गाव वाळीत. दारूकाम मोडेपर्यंत मीठ नाही, तेल नाही, माणूससुद्धा शीव ओलांडणार नाही.

खालच्या गावाने काम काही मोडलं नाही. तिथला पाटील साठवलेलं मीठ खात राहिला, गोरगरीब आळणी भाकरी खाऊ लागले. इकडे आपला पाटील रोज टेकाडावर चढायचा आणि तिकडचा धूर बघून जळायचा.

अशात लेकीचा निरोप आला. दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि सातही गावांची एकुलती एक सुईण वरच्या गावात. पाटलाने पाचही गावांकडे लेकीपुरती सूट मागितली. तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "पाटील, माझ्या नातीचं खालच्या गावात ठरलेलं लग्न याच शपथेपायी मोडलं. तेव्हा तुम्ही ऐकलंत का?"

आता बंदी उठवणं, एवढीच वाट उरली. पण पाटलाची जीभ रेटेना. त्यांची भरलेली विहीर सारखी डोळ्यांसमोर यायची. त्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सुईणीला घेऊन त्याने स्वतःच शीव ओलांडली. उशीर झाला होता. लेक वाचली, मूल गेलं.

"आबा," ती म्हणाली, "दारू इथल्या कोठारात आहे तशीच आहे. रिकामा राहिला तो माझा पाळणा."

तेव्हा पोरांनो आणि थोरांनो, मत्सरापोटी दुसऱ्याची वाट अडवण्याआधी बघावं, त्या वाटेवर आपलं कोण आहे.