कडेचं धुकं

त्या दिवशी नदीवरून असं धुकं चढलं होतं की महिपतीला आपल्या उंबऱ्यावरून समोरचा सोपाही दिसेना. समोरचं घर धाकट्या भावाचं, उत्तमचं. ते दिसेना म्हणून की काय, महिपतीनं चहा निवांत प्यायला. एक अभंगही गुणगुणला.

मग ऊन आलं आणि धुकं विरलं. सोप्यात उत्तमचा श्रेयस पुस्तक घेऊन बसलेला दिसला. नाकावर गेल्या साली केलेला तोच चष्मा.

महिपतीनं कप खाली ठेवला. त्यानं आपल्या लेकीच्या, कार्तिकीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला आणि तडक शेजारी अंताजीबुवांच्या अंगणात शिरला.

बुवा पखवाज शिकवायचे. महिपती त्यांचा थोरला शिष्य. सप्त्यात पखवाज त्याच्याच गळ्यात असायचा, आणि ते त्याच्या चालण्यातही दिसायचं.

"बुवा, सख्खा भाऊ असं करतो का?"

"कसं?"

"ही काच बघा."

बुवांनी चष्मा उन्हात धरला. काचेच्या मधोमध बोराएवढी जागा निर्मळ होती. तिच्या भोवतीनं बारीक ठिपके, राईहून बारीक, रांगोळीच्या कड्यांसारखे गोल गोल पसरलेले.

"कोल्हापूरचं दुकान उत्तमनं दाखवलं," महिपती म्हणाला. "त्याच्या पोराला गेल्या साली चष्मा केला, तवापासनं त्याचा नंबर जागचा हलला न्हाई. माझ्या पोरीचा चढतोच आहे. म्हणून ह्यानं आपल्या गाडीतनं तिला आन तिच्या आईला नेलं, आन हे गळ्यात मारलं. मधी साफ, कडंला सगळं धुरकट. चांगला माल त्याच्या पोराला, खोटा माझ्या पोरीला."

"तू गेला न्हवतास?"

"त्याच्या गाडीत मी बसतोय व्हय?"

"श्रेयसची काच बघितलीस?"

"बघायची काय गरज? पोरगं लांबनंच झळकतंय की."

बुवांनी चष्मा त्याच्या हातात परत दिला.

तेवढ्यात कार्तिकी डोळे बारीक करत, अंदाजानं पाय टाकत आली.

"आप्पा, चष्मा द्या. डॉक्टरांनी दिवसभर घालायला सांगितलाय."

"थांब गं."

"श्रेयसदादाच्या काचेला पण असेच ठिपके आहेत."

महिपतीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बुवांनी मात्र पोरीला जवळ बसवलं. "काय म्हणाले डॉक्टर?"

"डोळा लांबट वाढत जातो, म्हणून नंबर वाढतो. मधून बघायचं, तिथून स्पष्ट दिसतं. कडेचे ठिपके डोळ्याला सांगतात, आता पुरे, वाढू नको. चढलेला नंबर उतरत नाही. पण पुढचं चढणं कमी होतं. सगळ्यांचं सारखंच होईल असं नाही, असं पण म्हणाले."

"उत्तमनं पढवलंय तिला," महिपती म्हणाला. "बुवा, मी आज कोल्हापूरला जातो. साधी काच बसवून आणतो, काठापर्यंत साफ. आन आल्यावर उत्तमला सांगतो, आजपासनं तुझा उंबरा येगळा, माझा येगळा. तुमच्या पाया पडून निघायचं म्हणून आलो."

कार्तिकीनं ओठ मुडपले.

बुवांनी पखवाज मांडीवर ओढला. डाव्या तोंडावर सकाळीच ओली कणीक थापली होती. ती त्यांनी खरवडून काढली. फडकं भिजवून चामडं पुसलं. मग पखवाज शिष्यापुढं सरकवला.

"वाजीव."

"कणकीबिगर?"

"साफ केलंय. काठापर्यंत. वाजीव."

महिपतीनं थाप मारली. पत्र्याचा डबा बडवल्यागत आवाज आला. कार्तिकी फिसकन हसली.

"कणीक लावल्याशिवाय घुमंल कसं, बुवा? एवढं तर..."

तो मधेच थांबला. हातातल्या चष्म्याकडं बघत राहिला.

...

"पण बुवा," तो म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "त्याच्या पोराचा नंबर थांबला. माझ्या पोरीचा न्हाईच थांबला तर?"

बुवांनी पोरीला विचारलं, "हा चष्मा लावल्यावर तुला काय दिसतं गं?"

"फळा दिसतो. पहिल्यांदा बाजूला धुरकट वाटायचं. आता ध्यानातच येत नाही."

"आन बाजूचं काय बघायचं असलं तर?"

"मान वळवायची. गरज असली तरच."

"तुझ्या आप्पांना दिसतं का गं बाजूचं?"

"आप्पांची नजर एकदम चांगली आहे," कार्तिकी म्हणाली. "काकांनी बाजारातून काय आणलं, काकूनं कुठली साडी नेसली, श्रेयसदादाला किती मार्क पडले, आप्पांना सगळं इथनंच दिसतं. काल मी चित्र दाखवलं, ते तेवढं राहिलं बघायचं."

महिपतीनं चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला, हळूच पोरीच्या कानांवर चढवला. तिनं एकदा डोळे मिचकावले आणि बापाच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

तो पाया पडला आणि पोरीचा हात धरून निघाला. कुंपणापाशी पोचला तोच मागनं बुवांनी हाक मारली. गुरूनं शिष्याला मारावी तशी नव्हे, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारावी तशी, कणीक मळता मळता.

"महिपती, कोल्हापूरला जायचं मोडू नकोस हां. त्या दुकानदाराला तेवढं विचारून ये... असला चष्मा तुझ्या मापाचा ठेवतो का."