मांदेळबंदरची उलटी बाके

मांदेळबंदरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये नवा माणूस आला, की बसण्याआधी खिशातून रुमाल काढतो. बाके चांगली सागवानी आहेत, बिनपाठीची, लांबलचक. पाय स्वच्छ, कडा गुळगुळीत. पण नेमकी बसायची फळीच काळपट डागांनी माखलेली. "पुसू नका, निघायचं नाही ते," असे चर्चची देखभाल करणारे शामुवेलबाबा सांगतात, आणि पाहुण्याला त्याच डागावर बसवून खिडकीतून दिसणाऱ्या खाडीकडे बोट दाखवतात. मग हकिकत सुरू होते. त्यातले खरे किती आणि वाढवलेले किती, हे बाबांनाही ठाऊक नाही. त्यांनी ती आजोबांकडून ऐकली, आणि आजोबांना बोलण्याचा भारी शौक होता.

फार वर्षांपूर्वी एलिया रणदिवे नावाचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घाट उतरून इथे आले. बरोबर चारदोन कुटुंबांची मंडळी होती, सगळी देशावरची. बाप्टिस्टांचा बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर पाणी शिंपडणे नव्हे. माणसाला सबंध पाण्यात बुडवून वर काढायचे. घाटावर उन्हाळ्यात तेवढे पाणी ओढ्यालाही नसे. इथे तर दारातच खाडी. रणदिव्यांना वाटले, देवाने आपल्यासाठीच ही जागा राखून ठेवली होती.

माणूस कष्टाळू होता. त्याने कोळीवाड्यातल्या पोरांसाठी शाळा काढली, तापाची औषधे वाटली, उन्हातान्हात घरोघर हिंडला. कुणी हाक मारावी आणि पाळकसाहेब गेले नाहीत, असे कधी झाले नाही, म्हणे. फक्त एक हट्ट होता. ते कुणाकडून काही घेत नसत.

कोळीवाड्यात हिराबाई तांडेलणीचा शब्द चाले. तिची सून तापाने फणफणली तेव्हा रणदिवे तिच्या उशाशी बसून राहिले आणि पोरगी वाचली. पुढे एका सकाळी हिराबाई ताज्या पापलेटांची पाटी डोक्यावर घेऊन चर्चच्या दाराशी आली. रणदिव्यांनी हात जोडले. "आम्ही द्यायला आलो आहोत, बाई. घ्यायला नाही." हिराबाईने पाटी तशीच माघारी नेली. भरली पाटी परत आलेली पाहून कोळीवाड्याने काय ते ओळखले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत पोर नाही, औषधाला माणूस नाही. रणदिवे दारोदार गेले, लोकांनी दारे उघडली, "बसा" म्हटले, पण कुणाला ताप नव्हता की खोकला नव्हता. आपले काय चुकले ते त्यांना कळेना. आतून मात्र ते फार दुखावले. एवढे केले त्याचे हे फळ, असे त्यांना वाटे, आणि असे वाटल्याची लाजही वाटे.

अशात सुगंधाबाईंचा बाप्तिस्मा ठरला. मंडळीचा स्वयंपाक करणारी ही म्हातारी घाटावरूनच सोबत आली होती. इथल्या पाण्यातला हा पहिलाच बाप्तिस्मा. पौर्णिमेच्या रविवारी उपासना सुटताना रणदिव्यांनी पाहिले, पाणी चर्चच्या पायरीशी आले होते. त्यांनी पुढचा रविवार धरला, वेळ तीच. आठवड्यात समुद्राचे वेळापत्रक पार उलटते हे कोळीवाड्यातले शेंबडे पोरही सांगते. पण विचारायचे तर घेणे आले, आणि घ्यायचे तर नव्हते.

पुढच्या रविवारी पांढऱ्या कपड्यांतली मंडळी गीत गात बाहेर आली, तर पाणी गायब. समोर नुसता चिखल, आणि पलीकडे दूर चकाकणारी पाण्याची रेघ. किनाऱ्यावर हिराबाई आणि चार बाया सुकट वाळत घालत होत्या. त्यांच्यासमोर माघारी फिरणे रणदिव्यांच्या जिवावर आले. चिखलाचे काय, जन्म शेतात गेला होता. त्यांनी सुगंधाबाईंचा हात धरला आणि ते निघाले.

शेताच्या चिखलाला तळ असतो. खाडीच्या चिखलाला तो कुठे असतो ते फक्त कोळ्यांना ठाऊक. थोडे आत गेल्यावर रणदिवे गुडघ्यापर्यंत रुतले, मग मांडीपर्यंत. त्यांनी सुगंधाबाईंना उचलून खांद्यावर घेतले, तसे कंबरेपर्यंत गेले. तेवढ्यात पाणी फिरले, भरती सुरू झाली. किनाऱ्यावरच्या मंडळीला वाटले, पाळकसाहेब गुडघे टेकून प्रार्थना करताहेत. त्यांनी मोठ्या भक्तिभावाने गीताचे पुढचे कडवे सुरू केले.

आता हाक मारल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ती हाक काही केल्या बाहेर पडेना. आपले काही झाले तरी चालेल, असे त्यांनी मनाशी म्हटले असेल. पण खांद्यावर म्हातारी होती. "साहेब, पाणी आलं हो," ती म्हणाली. तेव्हा रणदिव्यांनी किनाऱ्याकडे मान वळवली आणि सारा जीव एकवटून ओरडले, "हिराबाई, हात द्या!"

हिराबाईने सुकट टाकली. "गाताव काय मेल्यांनो!" ती मंडळीवर कडाडली. "तुमची बाकडी आना! पाय वर करून टाका, नायतर ती पन रुततील!" मंडळीने ती नवी कोरी बाके धावत आणली, आणि कोळणींनी ती चिखलावर पालथी घालत वाट केली. हिराबाई पोटावर सरपटत शेवटच्या बाकापर्यंत गेली. आधी म्हातारीला ओढून घेतले. मग रणदिव्यांपुढे हात धरला आणि म्हणाली, "आमाला हात द्याया आलाव ना? मंग आज घ्या."

आणि रणदिव्यांनी तो घेतला. बाहेर आल्यावर ते किनाऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले, असे सांगतात. पाणी तोवर आपणच चढत दारात आले होते. सुगंधाबाई म्हणाल्या, "आता ते आलंय तर माझं उरकून घ्या." त्यांचा बाप्तिस्मा तिथेच झाला. एका बाजूला पाळक उभे होते आणि दुसऱ्या बाजूला हिराबाई, कारण म्हातारी तिचा हात सोडायलाच तयार नव्हती. हिराबाई पुढे जन्मभर आपल्याच देवाला नारळ देत राहिली. तिने त्या संध्याकाळी पुन्हा पापलेटांची पाटी आणली. रणदिव्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरली.

आजही मांदेळबंदरच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वेळ कोळीवाडा सांगतो. आजही त्या दिवशी बाके बाहेर नेऊन चिखलावर पालथी घालतात. पाळकांनी एकट्याने पुढे जायचे, काठाशी उभे राहायचे आणि कोळीवाड्याला हाक मारायची. त्याशिवाय कुणी जागचे हलत नाही. शहरात शिकून आलेल्या नव्या पाळकांना हे अवघड जाते. पहिल्या खेपेस ते घसा खाकरून, इकडेतिकडे बघून, हळूच "हात द्या" म्हणतात.

किनाऱ्यावरच्या कोळणी एकमेकींकडे बघतात. त्यांतली वयाने मोठी असेल ती कानामागे तळवा धरते आणि म्हणते, "ऐकू नाय आला, साहेब."