उपाशी गोधडी

सूतपूर शहरातली कापडगिरणी बंद पडली आणि शहराचा जणू आवाजच गेला. दुकानांना कुलपं लागली, आणि छोट्याशा शेवूची आई कामासाठी लांब, लांब, डोंगरापलीकडच्या शहरात निघून गेली. शेवू राहिली गोजरमावशीजवळ. रोज संध्याकाळी ती एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायची. लाल गाडी यायची, माणसं उतरायची, पण त्यात आई नसायची. आईची इतकी आठवण यायची, की तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

थांब्यामागे गिरणीची बाग होती. बाग कसली, चिंध्यांचा उकिरडा! लाल, हळदी, मोरपिशी, गुलाबी, नुसती कातरणंच कातरणं. त्यांच्याखाली फुलझाडं गुदमरली होती, इवलासा ओढा तुंबला होता. एका संध्याकाळी त्या ढिगातून बारीक आवाज आला, "सोडव ना गं मला!"

शेवूने वाकून पाहिलं. अगं बाई! बोटभर उंचीची परी, आणि तिचे चंदेरी पंख धाग्यांत गुरफटलेले! शेवूने एकेक धागा अलगद सोडवला. पंखांना जरासुद्धा धक्का लागू दिला नाही.

परी खुदकन हसली. "माग, काय हवं ते माग!"

"माझी आई!" शेवूच्या तोंडून निघून गेलं.

परीचा चेहरा उतरला. "माणसाला ओढून आणायचं नाही, असा नियम आहे गं राणी. आणि नवं काही द्यायचं नाही. टाकलेल्यातूनच माग."

शेवूचे डोळे भरून आले. तिने चिंध्यांकडे पाहिलं. "मग... आई तिकडे गार फरशीवर निजते. तिच्या गोधडीसाठी सुई दे."

परीने उकिरड्यातली गंजकी सुई उचलून फुंकर घातली. सुई लखलखली! "जो विचारेल त्याला शिकवायचं हं. मग त्याच्याही हातात अशीच सुई येईल. पण लपवलीस, तर हीसुद्धा गंजेल."

शेवू चिंध्या घेऊन ओट्यावर शिवायला बसली. सुई कशी भरभर पळायची म्हणता! बाजार करत करत डोंगरापलीकडे जाणारे नामाकाका निघायच्या आत गोधडी पुरी व्हायला हवी होती. पण शेजारची काशी आली, "मलाही शिकव ना." मग काशीची आई, मग गिरणीतले दामूकाका, मग अख्खी आळी! शेवूचा जीव खालीवर होत होता, तरी तिने कुणाला नाही म्हटलं नाही. नामाकाकांच्या टेम्पोचा हॉर्न वाजला, तेव्हा कुठे तिने घाईघाईने शेवटचा टाका घातला.

आईची गोधडी घेऊन टेम्पो गेला आणि मावशीने विचारलं, "शेवटच्या कोपऱ्यात तांदूळ घातलेस ना गं?"

सूतपुरात गोधडी उपाशी मिटवत नाहीत. घरात तांदळाचा दाणाही नसेल, तरच कोपरा रिकामा राहतो.

"राहिलेच की!" शेवूने कपाळाला हात लावला. आईला काय वाटेल? मावशीच्या पदरात तोंड लपवून ती हमसून हमसून रडली.

इकडे आळीतल्या गोधड्या गावोगावच्या बाजारांत हातोहात खपू लागल्या. दुकानांची कुलपं निघाली. चिंध्यांचा ढीग ओसरला, ओढा झुळझुळला, बागेत गुलबक्षीच्या कळ्या डोकावल्या. सगळे हसले, शेवूची नजर मात्र थांब्यावरच.

आणि एका संध्याकाळी लाल गाडीतून आई उतरली! काखेत गोधडी, एक मूठ घट्ट मिटलेली.

"पोरी, घरात दाणासुद्धा नाही का गं? कोपरा चाचपला आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. तशीच निघाले बघ!"

"तांदूळ आहेत गं आई! सगळ्यांना शिकवता शिकवता मी घालायलाच विसरले!"

आईने मान वर करून पाहिलं. ओट्याओट्यावर सुया चमचमत होत्या. दामूकाका म्हणाले, "वहिनी, गिरणीत तुमच्यासारखा कापडाला हात कुणाचाच नव्हता. इथं माणसं कमी पडताहेत. राहाल का?"

शेवूने आईचा पदर घट्ट धरला.

"राहाल का म्हणून काय विचारता, भावजी?" आईचे डोळे भरले. "राहिलेच!"

तिने मूठ उघडली. मुठीत तांदूळ होते, लेकीसाठी आणलेले. दोघींनी मिळून कोपरा उसवला, दाणे घातले आणि पुन्हा शिवला. रात्री बागेतून इवलासा सोनेरी उजेड वर उठला, परीने हात हलवला आणि ती त्या उजेडातच दिसेनाशी झाली.

शेवूने ते पाहिलंच नाही. ती आईच्या मांडीवर बसून पोटभर जेवत होती.