ठिपकीच्या आईची पट्टी

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शब्दही साधेच आहेत. लहानग्यांना हळूहळू वाचून दाखवा.

बंदरावर एक मांजर होती. मनी. तिला घर नाही, धनी नाही. एक पिल्लू होतं. ठिपकी.

पत्र्याने मनीचा पाय कापला. मनी होडीखाली पडून राहिली. उठेना. ठिपकीला चाटेना.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गुरांच्या डॉक्टरांकडे.

"डॉक्टर, डॉक्टर, पट्टी बांधा.
पट्टी नाही, आई उठेना!"

"दुखरं मांजर बोचकारतं गं. पाटीत घालून आण."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मासळीवाल्या गोदामावशीकडे.

"मावशी, मावशी, पाटी दे.
पाटी नाही, पट्टी नाही.
पट्टी नाही, आई उठेना!"

"भवानीच्या आधी मागतेस? वा गं शहाणे! पहिली मासळी विकू दे. तोवर मी कुणाला काही देत नाही."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेजारच्या रुकय्याआपांकडे.

"आपा, आपा, मासळी घ्या.
मासळी नाही, पाटी नाही.
पाटी नाही, पट्टी नाही.
पट्टी नाही, आई उठेना!"

"नारळाशिवाय कालवण? सून हसेल मला! आधी नारळ आण."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. माडावर चढणाऱ्या पास्कूकाकांकडे.

"काका, काका, नारळ पाडा.
नारळ नाही, मासळी नाही.
मासळी नाही, पाटी नाही.
पाटी नाही, पट्टी नाही.
पट्टी नाही, आई उठेना!"

"चढू कसा? मला का तुझ्यासारखी नखं आहेत? माझी पायातली दोरी उंदरिणीने नेली."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. होडीजवळच्या बिळाकडे.

"उंदरीणबाई, उंदरीणबाई, दोरी दे.
दोरी नाही, नारळ नाही.
नारळ नाही, मासळी नाही.
मासळी नाही, पाटी नाही.
पाटी नाही, पट्टी नाही.
पट्टी नाही, आई उठेना!"

उंदरीण आत सरकली.

"दोरीवर माझी पिल्लं निजलीत. आणि तुझी आई बरी झाली की आम्हाला खाईल!"

ठिपकी म्हणाली, "खाईलही. पण ती माझी आई आहे."

उंदरिणीने आपल्या पिल्लांकडे पाहिलं. एकेक पिल्लू उचललं. बाजूला ठेवलं. दोरी बाहेर ढकलली. सर्र!

दोरी मिळाली, काका चढले.
नारळ पडला. धप्प!
नारळ मिळाला, आपांनी मासळी घेतली.
मासळी विकली, मावशीने पाटी आणली.
मनीला अलगद पाटीत ठेवलं.
डॉक्टरांनी पट्टी बांधली.

मनी उठली. लंगडत आली. ठिपकीला चाटलं. लप, लप, लप.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ही गोष्ट सांगणारा मी, होडीपाशी गेलो. मासळी कालवून भात ठेवला. दोघी जेवल्या. जेवता जेवता मनीने बिळाकडे पाहिलं.

मी आणखी भात वाढला.