घासलेला कोपरा

जुई, फोन ठेवू नकोस, आधी हे ऐक! आत्ता शूटिंग रेंजवर जे झालं ना, ते तुलाच सांगायचंय.

"पिस्तूल बिघडलं, का तू बिघडवलंस?"

मुजावर सरांचा पहिलाच प्रश्न. माझे शूटिंगचे कोच गं, कोल्हापूरचे, सांगितलं होतं ना तुला. ये नाही, बस नाही, डायरेक्ट हेच.

मी म्हटलं, "सर, मी तर सुधारलंय."

...

रविवारी राज्याच्या टीमची निवड आहे. यंदा हुकलं तर घरचे म्हणणार, पुरे आता. आणि नेमकं आत्ताच काय झालंय, तर प्रत्येक गोळीला मनगटात असा दणका बसतो, नळी छताकडे उडते. ती खाली येईपर्यंत समोरचं टार्गेट, जे काही सेकंदच तोंड दाखवतं, फिरून गेलेलं असतं.

आता मी काय केलेलं ते ऐक. हसू नकोस. पिस्तुलाच्या आत मागच्या बाजूला नखाएवढी पोलादी पट्टी असते. गोळी सुटली की वरचा सरकता भाग, स्लाईड, मागे येते आणि या पट्टीचा खालचा कोपरा घोड्याला, म्हणजे मागच्या हातोडीला, मागे पाडतो. सरांनी मला बसवून दिलेल्या पट्टीचा कोपरा एकदम काटकोनी, स्लाईड ओढताना बोटं दुखायची. मला वाटलं, सर जुन्या पद्धतीचे. मग काय, व्हिडिओ बघितला, कानस घेतली आणि कोपरा मस्त गोल करून टाकला!

"ओढून तर बघा सर. लोणी!"

सरांनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली. स्लाईड ओढली. सोडली.

"खरंच की. लोणी आहे."

मी खूश.

"आणि धक्का?"

मी मनगट चोळायला लागले.

"ते दार ढकल," सर म्हणाले.

पिस्तुलं ठेवतात त्या खोलीचं लोखंडी दार. मी ढकललं.

"हे काय, आजारी आहेस व्हय? जोरात!"

दिलं ढकलून. धाडकन भिंतीवर आपटलं, चुन्याचे पोपडे खाली.

सर आत गेले. दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "आता पाय लावून उभा आहे मी. ढकल. तेवढ्याच जोरानं."

"सर, लागेल तुम्हाला!"

"ढकल म्हटलं की."

ढकललं. दार आधी हललंच नाही. मग रेटत, कुरकुरत सरकलं, आणि भिंतीला जाऊन लागलं... टक. बस, एवढंच.

"जोर कमी लावलास?"

"नाही सर. देवाशप्पथ."

"मग?"

जुई, माझी ट्यूब तेव्हा पेटली! सरांच्या पायासारखाच तो कोपरा स्लाईडला सुरुवातीलाच अडवून धरत होता, म्हणून शेवटचा दणका मऊ यायचा. आणि मी शहाणी नेमका तोच घासून बसले. इतके दिवस ज्याला कटकट म्हणत होते, तो माझं मनगट सांभाळत होता गं.

"आता दुसरी पट्टी कुठं मिळणार सर? रविवारच्या आत?"

सरांनी स्वतःचं पिस्तूल काढलं. माझ्यासारखंच, त्याच बनावटीचं. मागून पट्टी काढली, काटकोनी कोपऱ्याची, आणि माझ्या पिस्तुलात बसवायला घेतली. चष्मा नाकावर, जीभ दातात. माझी घासलेली पट्टी त्यांनी स्वतःच्या पिस्तुलात टाकली.

"सर... रविवारी तुमची पण मॅच आहे ना? व्हेटरनची?"

"आहे की."

मी पाया पडायला वाकले, तर काय बघते... चपलेतला अंगठा लालबुंद, नख काळं पडायला लागलेलं.

सरांनी पाय मागे घेतला.

"सर, या गोल पट्टीनं धक्का तुम्हाला जोरात बसेल."

पिस्तूल पेटीत ठेवता ठेवता ते हसले.

"धक्का कुठं नाहीसा होतोय पोरी? कुणाला तरी बसतोच."

...

जुई, त्यांची पट्टी आत्ता माझ्या पिस्तुलात आहे. खरं सांग, तू घेतली असतीस?