एका नावाच्या तबकड्या

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगरात राजा होता, बाजार होता, देऊळ होतं आणि एक संगणकही होता. इतक्या पूर्वी संगणक कुठून आला, असं लहानांनी विचारलं तर मोठ्यांनी सांगावं, की गोष्टीतला कोल्हा बोलतो तेव्हा तू निमूट ऐकतोस, मग आताही ऐक.

त्या नगरात ज्याला जे ठाऊक असेल ते तबकड्यांवर साठवून ठेवायची रीत होती. तबकडी म्हणजे पंजाएवढी चकचकीत चकती. ती संगणकाच्या तोंडात सरकवली की तिच्या पोटातल्या फायली तो एकेक करून बोलून दाखवी. विहीर कुठे खणावी, रुसलेल्या म्हशीची धार कशी काढावी, रंग पक्का कसा करावा, सगळं त्यात होतं. अशा तबकड्यांनी भरलेल्या पेट्या, आणि पेट्यांनी भरलेलं एक मोठं घर. त्याला सगळे तबकडीघर म्हणत.

तबकडीघर सांभाळायला एक भांडारी होता. माणूस चांगला, पण त्याचं बूड एका जागी टेकत नसे. जेवताना तो मध्येच उठे, बोलताना दाराकडे बघे. कुणी काही मागायला आलं की एक तबकडी घाल, ऐक, काढ, दुसरी घाल, असा त्याचा दिवस जाई.

शेजारचा म्हातारा कोष्टी ओट्यावरून हाक मारी, "काय रे भांडारी, माझी रंगाची फाइल सापडली का? नातवाचं लग्न झालं, आता पणतवाच्या बारशाला तरी दे!"

लोक हसत. भांडाऱ्याला हसू येत नसे. त्याच्या मनात एकच भीती घर करून होती. एखाद्या दिवशी कुणाच्या तरी जिवावर बेतेल, माझ्याकडे उपाय असेल, आणि मला तो सापडणार नाही.

एकदा एक फेरीवाला आला. त्याच्या पोतडीत मणी होते, सुया होत्या आणि संगणकात घालायची एक आज्ञावली होती. तो म्हणाला, "हिचं नाव नोंद्या. प्रत्येक तबकडी त्याला एकदा दाखव. फायलींची नावं, आकार, तारखा, सगळं तो डोक्यात ठेवील. मग तबकड्या पेटीतून काढायलाही नकोत. नाव सांगायचं, तो पेटी सांगणार."

"आणि फायलींच्या आत काय आहे ते?" भांडाऱ्याने विचारलं.

"ते त्याला कशाला? त्याला नावं कळतात. बास की."

भांडाऱ्याने नोंद्याला घरात घेतलं. एकेक तबकडी त्याला दाखवली. आणि खरंच, कोष्ट्याने रंगाची फाइल मागायची खोटी, नोंद्या म्हणाला, "खिडकीखालची पेटी, वरून तिसरी." कोष्ट्याचं तोंड उघडंच राहिलं. आता थट्टा कशाची करावी, हे त्याला सुचेना.

भांडाऱ्याला वाटलं, सुटलो. पण ज्याच्या मनाला चैन नाही त्याला नवं कारण लागतंच. तबकड्या शोधायच्या राहिल्या नाहीत, तर तो नोंद्याची यादीच बघत बसू लागला. इथे मात्रा चुकलीय, तिथे तारीख नाही. आणि एक दिवस त्याला दिसलं, की एकच नाव यादीत पुन्हा पुन्हा येतंय. गौरा, गौरा, गौरा.

आता या नगराची एक गंमत सांगायला हवी. फार पूर्वी तिथे गौरा नावाची एक गुणी राणी होऊन गेली. तेव्हापासून नगरात येणाऱ्या प्रत्येक नवरीचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने गौरा असंच लिहीत. गल्लीत कुणी "अगं गौरा" म्हणून हाक मारली की दहा दारांतून "ओ" येई. दुसरी रीत अशी, की नव्या नवरीने तबकडीघरात येऊन माहेरी ठाऊक असलेली आणि सासरी ठाऊक नसलेली एखादी गोष्ट सांगायची. ती सांगे, संगणक ऐके, आणि फायलीला नाव पडे, अर्थात, गौरा.

भांडाऱ्याची बायकोही गौराच. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. ती फार बोलत नसे, पण बघत सगळं असे. त्या दिवशी ती नवऱ्याला जेवायला बोलवायला तबकडीघरात आली आणि दारातच थांबली.

नोंद्या विचारत होता, "नाव एक, फायली पुष्कळ. सगळ्या ठेवू की एकच?"

"एकाच गोष्टीच्या इतक्या प्रती कशाला हव्यात?" भांडारी म्हणाला. "पसारा नुसता! नवी असेल ती ठेव, बाकीच्या पुसून टाक."

"आकार वेगवेगळे आहेत," नोंद्या म्हणाला.

"असणारच. बायकांचं बोलणं, कमीजास्त व्हायचंच."

बायको दारातून म्हणाली, "अहो, नाव एक म्हणून बाईही एकच का?"

"नोंद्या कधी चुकत नाही."

"तो नाही हो चुकत. तुम्ही विचाराल तेवढंच तो सांगतो. एकदा ऐकून तरी बघा."

"एवढं ऐकत बसलो तर झालंच!" भांडारी म्हणाला. "नोंद्या, पूस."

नोंद्याने पुसलं. मोकळ्या झालेल्या तबकड्यांवर भांडाऱ्याने राजाच्या मिरवणुकीतले ताशे भरून ठेवले. बायको "आमटी निवतेय," एवढंच म्हणाली आणि परत गेली.

त्याच वर्षी टोळधाड आली. आकाश काळवंडलं, आणि ते खाली उतरून पुन्हा वर गेलं तेव्हा जमिनीच्या वर हिरवं असं काही उरलं नव्हतं. शेतं गेली, झाडांची पानं गेली. कोठारातलं धान्य लवकरच तळाला लागलं.

जमिनीखाली मात्र एक गोष्ट शाबूत होती. डोंगराच्या उतारावर कडू कंद होता, खणावा तितका. पण तो तसाच खाल्ला तर माणूस दगावतो, हे नगरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

राजाने सभा भरवली. "डोंगरातले लोक हाच कंद खाऊन जगतात म्हणे. त्यांच्याकडे माणसं पाठवू."

भांडारी तटकन उभा राहिला. त्याचे पाय आजही स्थिर नव्हते, पण छाती फुगलेली होती. "माणसं कशाला पाठवता, महाराज? माझी आई त्या डोंगरातली होती. लहानपणी तिच्या हातचा कंद मी खाल्लाय, गोड लागायचा. नगरात नवरी म्हणून आली तेव्हा कंदाची रीतच तिने तबकडीत सांगून ठेवली होती. आई आज नाही, पण तिची फाइल आहे. उद्या सकाळी सगळ्यांनी चौकात या, मी ऐकवतो."

म्हातारा कोष्टी मागून ओरडला, "नक्की सापडेल ना रे?"

"नोंद्या आहे ना!" भांडारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चौक भरला. बायका कंदाच्या टोपल्या घेऊन आल्या होत्या, चुली मांडून तयार होत्या. भांडाऱ्याने संगणक आणि तबकड्यांच्या पेट्या चौकात आणल्या आणि म्हणाला, "नोंद्या, माझ्या आईची फाइल."

"नाव सांगा."

भांडारी अडखळला. आईला तो आईच म्हणे. तिचं नाव घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. मग त्याला आठवलं. "गौरा."

"गौरा. एक फाइल. सापडली."

भांडाऱ्याने ती तबकडी सरकवली. संगणकातून एका तरुण बाईचा आवाज आला, "वाळत घातलेल्या पापडांवर कावळा बसू नये म्हणून आमच्याकडे बाजेच्या पायाला काळी चिंधी बांधतात. कावळ्याला वाटतं, आपलाच कुणी भाऊबंद मरून पडलाय..."

तो आवाज भांडाऱ्याच्या बायकोचा होता. भुकेल्या नगराने तिच्याकडे वळून पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "वा! आता पापड तेवढे आणा."

"ही नव्हे!" भांडारी ओरडला. "बाकीच्या कुठायत?"

"बाकीच्या कोणत्या?" नोंद्या म्हणाला. "एकच ठेव, म्हणाला होतात."

भांडारी मटकन खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे पाय हलायचे थांबले होते. ज्या भीतीने त्याला कधी बसू दिलं नव्हतं, ती आज समोर उभी होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने, नीटनेटकी करून आणली होती.

बायको जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "उठा. सासूबाईंचं माहेर गेलंय थोडंच? निघा लगेच."

भांडारी धावतच सुटला. काट्यांनी धोतर फाटलं, पायांची सालं निघाली, पण तो कुठे टेकला नाही. डोंगरातल्या वस्तीवर पोचला तेव्हा एक म्हातारी अंगणात कंद कापत बसली होती. त्याने हात जोडले, नगराची गत सांगितली आणि रीत मागितली.

म्हातारी मान वर न करता म्हणाली, "परक्याला नाही सांगत आम्ही. मागं एकाला सांगितली. त्यानं अर्धी ऐकली, घरी जाऊन अर्धीच केली आणि माणसं गमावली. नावं मात्र आम्हाला ठेवली."

"मी परका नाही. माझी आई याच वस्तीतली."

आता तिने वर पाहिलं. "कोण रे? नाव सांग तिचं."

"गौरा."

"गौरा?" म्हातारीने डोकं हलवलं. "या वस्तीत गौरा कधी जन्मलीच नाही. आमच्या लेकी खालच्या पुष्कळ गावांना दिल्या. झिपरी होती, ठकी होती, सोनकी होती, यमुनी होती. यातली तुझी कोणती?"

खाली नगरात लोक टोपल्यांकडे बघत बसले असतील, हे भांडाऱ्याला दिसत होतं, आणि इथे त्याला स्वतःच्या आईचं नाव येत नव्हतं.

"नाव मला माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण ती डावखुरी होती. भात उतू जायला लागला की भांड्याशी भांडायची. म्हणायची, थांब गं सटवे, तुझ्या सासरी निघालीस की काय!"

म्हातारीच्या हातातला विळा थांबला. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "हे तर आमची आई म्हणायची. तिच्याकडून सोनकीनं उचललं. अरे, माझी धाकटी बहीण ती. तिला खाली गौरा का म्हणत होते? तिला नाव नव्हतं का?"

भांडाऱ्याने वाकून तिचे पाय धरले.

"चल, मीच येते. ही रीत सांगून नाही कळायची, हात बघावा लागतो," मावशी म्हणाली. वस्तीतल्या दोन सुना तिने बरोबर घेतल्या आणि सगळे उतरायला लागले.

ते वेशीपाशी पोचले तेव्हा नगरातून रडणं ऐकू येत होतं. म्हाताऱ्या कोष्ट्याला पोरांची भूक बघवली नव्हती. "आधी मी खाऊन बघतो, मला काही झालं नाही तर तुम्ही खा," असं म्हणून त्याने कंद नुसताच उकडून खाल्ला होता. त्याच्या घरातल्या पोरांनी कंदाला हात लावला नाही, म्हणून ती वाचली. तो वाचला नाही.

मावशीने पदर खोचला. पातळ चकत्या, राखेचं पाणी, मग टोपली वाहत्या ओढ्यात, मग पुन्हा राख, पुन्हा ओढा. भूक घाई करत होती आणि मावशी घाई करू देत नव्हती. "थांबा रे, थांबा," म्हणत होती. अखेर तिने पहिला घास स्वतः खाल्ला, आणि मग नगर जेवलं.

नगर तगलं. पण भांडाऱ्याच्या जिवाला स्वस्थता नाही आली ती नाहीच. ज्या गौरा हयात होत्या त्यांना त्याने पुन्हा बोलावलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. ज्या गेल्या होत्या त्यांचं काय? कुणाला साप उतरवायची रीत ठाऊक असेल, कुणाला आटलेली विहीर जिवंत करायची. की कुणी पापडांवरच्या कावळ्याचंच सांगितलं असेल? तबकडी घातली की ताशे वाजत. तो ऐकत बसे.

पुढे त्याची बायको एक नवी गोष्ट सांगायला तबकडीघरात आली. तिने बोलायला तोंड उघडलं, तर भांडाऱ्याने हात वर करून तिला थांबवलं.

"आधी नाव सांग. माहेरचं."

"लग्नाला वर्ष उलटून गेलं," ती म्हणाली, "आणि आज विचारताय होय?"

"आज विचारतोय."

"भिवरा."

त्याने ते यादीत लिहिलं. मग पेटीकडे धावला नाही, दाराकडे पाहिलं नाही. समोर बसून तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. त्या नगरात तांदळाचं ताट अजूनही मांडतात, पण अंगठी आता नवरीच्या हातात देतात. तिचं नाव तीच लिहिते.

तात्पर्य : नावांची यादी झाली म्हणजे ओळख झाली असं नव्हे, आत काय आहे ते ऐकल्याशिवाय काहीही पुसू नये.