बुदायची टेकडी

ऐका रे पोरांनो, आणि पोरांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनीही ऐका. फार वर्षांपूर्वी, चिखलदऱ्याच्या डोंगराला कॉफीची नुकतीच ओळख झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. कुंडझिरा नावाच्या कोरकूंच्या ढाण्यात, म्हणजे वस्तीत, बुदाय नावाची म्हातारी राहायची. ढाण्याला लागून एक ओढा वाहायचा. माणसं, म्हशी, सगळी त्याच्याच पाण्यावर जगायची. दुसरं पाणी जवळपास नव्हतंच.

ओढ्याच्या वरच्या अंगाला कॉफीची बाग उभी राहिली. लाल फळं तोडायची, साल रगडून काढायची, बिया धुवून वाळवायच्या आणि दूर देशी पाठवायच्या, असं तिथलं काम. साल ओढ्यात जायची. ती टाकणारे हात ढाण्यातलेच होते बरं, बुदायचेही होते. रानची माणसं ती. ओढ्यात जांभळं पडतात, मोहाची फुलं पडतात, पाणी कधी रुसलं नाही. मग हेही फळच की. पण जांभळं पडतात मूठभर, आणि हे तर सालींचे ढीग होते. ढीग कुजला की पाण्याचा जीव घेतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पाणी आंबलं. त्यावर तपकिरी फेस आला, मासे पोटं वर करून तरंगले. म्हशी नुसतं हुंगून मागे फिरल्या. बुदायची सून बाळंतीण होती, तिचं दूध आटलं आणि तान्ही नात रडून रडून निपचित पडायला लागली. दूर देशी कुणी वाफाळता पेला नाकाशी धरून सुखावत असेल. इथे वासाने श्वास घेववत नव्हता. लोक घरदार सोडून जायच्या गोष्टी करू लागले.

बुदाय मालकापुढे जाऊन उभी राहिली.

"मालक, पाणी नासलं. नात मरते माही."

"फळाची साल ते, बुढे. त्यानं काय होते?"

"मंग एक ओंजळ पेऊन दाखवा."

मालकाच्या घरी बागेच्याही वरच्या झऱ्याचं पाणी यायचं. तो जरा चपापला, मग तोऱ्यात म्हणाला, "एवढंच आहे तं तूच ने उचलून."

म्हातारीने पदर खोचला. "ओढा निवळेस्तोवर मी पाण्याले तोंड लावणार नाही," एवढंच बोलली आणि ओढ्यातली कुजकी साल टोपलीत भरून वरच्या माळावर वाहू लागली. असं म्हणतात, पानावरचं दव चाटून ती जगली. असं म्हणतात, तिच्या टोपलीतून जिथे जिथे थेंब गळला, तिथे तिच्या मागोमाग हिरवं गवत उगवत गेलं. आधी लोक हसले, बुढीला चळ लागला म्हणाले. मग आपण काय केलं ते त्यांना उमगलं, लाज वाटली, आणि ज्या हातांनी टाकलं होतं त्याच हातांनी टोपल्या उचलल्या. माळावर ढीग वाढत गेला, वाढत वाढत टेकडी झाली.

शेवटची टोपली रिकामी झाली तेव्हा, असं म्हणतात, ओढा थांबला. पाण्याचा आवाज बंद झाला, पाखरं गप्प झाली, माणसांना आपल्याच काळजाचे ठोके ऐकू आले. आणि मग वरून जे पाणी आलं ते नितळ होतं, त्यात जिवंत मासे होते. बाया रडू लागल्या.

"बुढे, पे आता," सगळे म्हणाले.

"आधी मालक पेईन."

मालक खाली आला. ओंजळ भरून तो पाणी प्याला आणि त्याने मान वर केली नाही. मग बुदायने सुनेला पाजलं, उरलेलं स्वतः प्यायली, टेकडीवर जाऊन टेकली, ती पुन्हा उठली नाही. नात मात्र जगली. कुंडझिऱ्यातली अर्धी घरं आज स्वतःला तिचीच लेकरं म्हणवतात.

अजूनही तिथे सालीचा कणसुद्धा ओढ्यात जात नाही. ती टेकडीवर जाते आणि खत होऊन बागेत परत येते. मालक कितीतरी बदलले, पण रीत तीच आहे. कॉफीचं धुणं ऐन भरात आलं की मालकाने बागेच्या खालच्या अंगाला ओढ्यात उतरायचं आणि सगळ्या ढाण्यादेखत ओंजळभर पाणी प्यायचं. कडेवर तान्ही मुलं घेतलेल्या बाया सगळ्यांत पुढे उभ्या असतात. तो जरा जरी घुटमळला की बागेतलं काम तिथंच थांबतं. बाया तोडणीच्या टोपल्या पालथ्या घालतात आणि घरी निघून जातात.